तारण : खामगावच्या बाजारातले आणि देवळातले

खामगाव-मलकापूरकडे काम केलेल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन (१८४३–१९१९) यांनी ख्रिस्ताला चार नावे दिली: तारणारा, पावन करणारा, बरे करणारा आणि परत येणारा राजा. मी अडतो पहिल्याच नावाशी. कापसाच्या या बाजारगावात ‘तारण’ म्हणजे सावकाराकडे ठेवलेले शेत किंवा डाग. ते ऋणकोने द्यायचे. मंडळीची शिकवण नेमकी उलटी. ऋण माणसाचे, देणारा ख्रिस्त. आणि ख्रिस्त देवच, म्हणजे तारण देतो खुद्द धनको! १८९९–१९००च्या दुष्काळात गहाण टाकायलाही काही न उरलेल्या वऱ्हाडी कुणब्याने हे ऐकले असेल, तर त्याला पापाआधी सावकाराची वहीच आठवली असणार, असे मला वाटते. त्यामानाने बरे करणारा ख्रिस्त त्याला चटकन उमगला असावा.