स्कोअर तर मोबाईलवरच कळतो, मग क्रीडा पत्रकार नेमकं करतो काय?

आयपीएलचा शेवटचा चेंडू पडतो आणि मिनिटाभरात निकाल मोबाईलवर येतो. पाठोपाठ हायलाइट्स आणि मीम्स येतात. मग दुसऱ्या दिवशी पेपरातलं क्रीडा पान कशासाठी वाचायचं? आणि खेळाची आवड आहे म्हणून या क्षेत्रात करिअर करता येतं का?

मराठीत क्रीडा पान आलं कुठून?

पूर्वी मराठी दैनिकांत खेळाच्या बातम्या जागा उरली तर कोपऱ्यात लागायच्या. १९६२ मध्ये 'महाराष्ट्र टाइम्स' सुरू झाला आणि तिथे वि. वि. करमरकर यांनी खेळाला हक्काचं पान मिळवून दिलं. त्या पानावर क्रिकेटसोबत कबड्डी, खो-खोलाही जागा मिळाली. प्रो कबड्डी लीग आली ती २०१४ मध्ये. त्याच्या कित्येक वर्षं आधी कबड्डीच्या मैदानावर काय घडतंय, हे वाचकांना अशा पानांमुळेच कळत होतं. करमरकरांचं ६ मार्च २०२३ रोजी निधन झालं.

काम नेमकं काय असतं?

कोण जिंकलं हे सांगणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. सामना का फिरला, खेळाडू संघाबाहेर का गेला, संघटनेला मिळालेला पैसा कुठे गेला, हे शोधणं खरं काम. त्यासाठी मैदानावर हजर राहावं लागतं, प्रशिक्षकांपासून पंचांपर्यंत ओळखी ठेवाव्या लागतात आणि जुने आकडे तपासावे लागतात. रात्रीचा सामना असेल तर शेवटची ओव्हर सुरू असतानाच बातमी लिहून तयार ठेवावी लागते.

चाहता आणि पत्रकार यांत फरक काय?

सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगने १९९९ मध्ये पहिल्यांदा टूर द फ्रान्स जिंकली, तेव्हा जग टाळ्या वाजवत होतं. ब्रिटनच्या 'संडे टाइम्स'चे डेव्हिड वॉल्श मात्र शंका घेत होते. पुढे आर्मस्ट्राँगने पेपरवर बदनामीचा दावा ठोकला आणि २००६ मध्ये पेपरला तडजोड करून पैसे मोजावे लागले. २०१२ मध्ये आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदं काढून घेतली गेली. २०१३ मध्ये त्याने उत्तेजकं घेतल्याची कबुली दिली. म्हणजे खरं बाहेर यायला १३ वर्षं लागली.

आज हे काम आणखी अवघड झालंय. खेळाडूंचे स्वतःचे चॅनल आहेत, संघ स्वतःच व्हिडिओ बनवतात. अडचणीचा प्रश्न विचारणाऱ्याला पुढची मुलाखत मिळेलच याची खात्री नसते.

या क्षेत्रात यायचं कसं?

पत्रकारितेची पदवी उपयोगी पडते, पण सक्तीची नाही. क्रिकेटवर भरभरून लिहिणारे द्वारकानाथ संझगिरी मुंबई महापालिकेत इंजिनिअर होते. आज पेपर आणि टीव्हीशिवाय वेबसाइट, समालोचन, पॉडकास्ट, आकडेवारीचं विश्लेषण आणि संघांचा सोशल मीडिया असे पर्याय आहेत. यातलं संघाचं काम म्हणजे प्रसिद्धी, पत्रकारिता नव्हे, हे मात्र आधीच समजून घेतलेलं बरं.

सुरुवातीला पगार बेताचा असतो. गावोगावच्या बातमीदारांना अनेकदा बातमीमागे मानधन मिळतं. शनिवार-रविवार आणि सणावारी सामने असतात, त्यामुळे सुट्टी विसरावी लागते.

सुरुवात कुठून करायची?

भारत-पाकिस्तान सामन्यावर लिहायला हजारो जण बसलेले असतात. तालुक्याच्या कुस्ती मैदानावर किंवा शाळांच्या खो-खो स्पर्धेत अनेकदा एकही पत्रकार नसतो. तिथे जाऊन नावं, गुण आणि वेळ अचूक टिपणं, हरलेल्या संघाशीही बोलणं आणि त्याच रात्री ३०० शब्दांत बातमी लिहून काढणं, हा यातला सगळ्यात स्वस्त कोर्स. तिथल्या खेळाडूचं नाव त्या बातमीत आलं नाही, तर ते दुसरीकडे कुठेही येणार नसतं.