मांडवातलं झिंगाट

आज एका गाण्याचा इतिहास सांगते. इतिहास म्हटलं की किल्ले आणि लढाया आठवतात, पण गाण्यालाही जन्मगाव असतं, सोयरे असतात आणि नशीबही असतं. हे गाणं तुम्हां सगळ्यांच्या ओळखीचं आहे. हळदीत वाजतं, वरातीत वाजतं, गणपतीत वाजतं. गटाच्या मेळाव्यात तर आधी लावा म्हणून चिठ्ठी येते. ‘झिंगाट’.

हे गाणं केलं दोन सख्ख्या भावांनी. अजय आणि अतुल गोगावले. वडील महसूल खात्यात, त्यामुळे बदली होईल तिकडे बिऱ्हाड. पुणे जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावांत दोघं वाढले. घरात कुणी गवई नव्हतं, कुणा उस्तादाकडे शिकवणीही नाही. गावातला बँड, देवळातलं भजन, जत्रेतला ढोल, जे कानावर पडलं तेच शिक्षण. ‘जोगवा’ सिनेमाच्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. देवीला वाहिलेल्या जोगत्या-जोगतिणींच्या दुःखाचा तो सिनेमा. पाठोपाठ 2010 मध्ये ‘नटरंग’ आला आणि त्यातल्या लावण्या घराघरात गेल्या. म्हणजे ‘झिंगाट’ काही आभाळातून पडलं नाही. त्याच्या मागे पंधरा वर्षांची मेहनत होती.

सिनेमा ‘सैराट’. दिग्दर्शक नागराज मंजुळे, सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातले. चित्रीकरणही बरंचसं त्याच भागात झालं. आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची, तेव्हा शाळेत शिकणारी मुलगी. तिच्या कामाची राष्ट्रीय पुरस्कारांत खास दखल घेतली गेली. फेब्रुवारी 2016 मध्ये सिनेमा जर्मनीत बर्लिनच्या महोत्सवात दाखवला आणि 29 एप्रिल 2016 ला आपल्याकडे लागला. शंभर कोटींच्या वर कमाई करणारा हा पहिला मराठी सिनेमा. या सिनेमाच्या संगीतातला मोठ्या वाद्यवृंदाचा भाग अमेरिकेत, हॉलिवूडच्या स्टुडिओत वाजवून घेतला होता. इतक्या लांब जाऊन आणलेलं संगीत एकीकडे, आणि लोकांनी डोक्यावर घेतलं ते मात्र आपल्या वरातीच्या ठेक्याचं गाणं! थिएटरात लोक खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचले. काही गावांत मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले.

आता मला वाटतं ते सांगते. याच भावांच्या आधीच्या गाजलेल्या गाण्यांत बाई नाचते ती पुरुषांच्या समोर, त्यांनी बघावं म्हणून. लावणी म्हणजे तेच, आणि ‘कोंबडी पळाली’ची चाल हिंदीत ‘चिकनी चमेली’ होऊन गेली तेव्हाही तेच. ‘झिंगाट’मध्ये नाचतो तो पोरगा. आनंद मावत नाही म्हणून नाचतो. आणि आर्चीही नाचते ती स्वतःच्या खुशीनं, कुणाला रिझवायला नाही. शब्द पोराच्या तोंडचे असले तरी हळदीच्या मांडवात ते गाणं बायांनी उचललं ते यामुळेच असावं. साठीची सासू पदर खोचून नाचते, तिला कुणी नावं ठेवत नाही. लग्नात पूर्वी गाणं बायांचंच होतं. हळद लावताना, वरमाईला चिडवताना, लेकीला वाटे लावताना बाया स्वतः म्हणायच्या. मग बँड आला, संदल आली, कॅसेटवाला आला, शेवटी डीजे. गाणं बायांच्या तोंडातून भोंग्यात गेलं आणि आपण ऐकणाऱ्या झालो. ‘झिंगाट’नं निदान पाय तरी मोकळे केले. डीजेचा आवाज छातीत धडधडतो, म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या लेकरांना त्रास होतो, तो भाग वेगळा. त्यावर एकदा स्वतंत्र बोलू.

पण हे गाणं सिनेमात कुठे येतं ते आठवून बघा. आर्चीच्या भावाचा, प्रिन्सचा वाढदिवस आहे. गावच्या पाटलाचा वाडा, रोषणाई, गर्दी. मासेमारी करणाऱ्या घरातला परश्या आणि पाटलाची आर्ची, जात वेगळी, पैसा वेगळा. सगळं गाव नाचतंय म्हणून या दोघांनाही नाचता येतं. त्याच रात्री ते पकडले जातात. मग मारहाण, पळापळ, हैदराबादची झोपडपट्टी. सिनेमात चार गाणी आहेत आणि चारही पहिल्या अर्ध्या भागात संपतात. घर सुटल्यावर एकही गाणं नाही. ज्याच्या वाढदिवसाला ‘झिंगाट’ वाजतं तोच भाऊ शेवटी आईनं दिलेल्या भेटवस्तू घेऊन दारात उभा राहतो, बहीण हसून चहा ठेवते, आणि पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या जागी संगीतच काय, साधा आवाजसुद्धा ठेवलेला नाही. फक्त लहान लेकराची रक्तानं माखलेली पावलं.

मला स्वतःला या सिनेमातली सगळ्यात आवडलेली बाई आर्ची नाही, सुमनअक्का आहे. हैदराबादेत डोशाची गाडी चालवणारी, नवरा नसलेली, पोराला एकटीनं वाढवणारी. ओळख ना पाळख, तरी दोन घाबरलेल्या पोरांना खोली देते आणि आर्चीला कारखान्यात कामाला लावते. तिच्यावर कुणी गाणं केलं नाही.

गाणं पुढे खूप फिरलं. कन्नडमध्ये सिनेमा पुन्हा झाला, तिथेही रिंकूच होती. जुलै 2018 मध्ये हिंदीत ‘धडक’ आला, संगीत याच भावांचं, ‘झिंगाट’चे शब्द तेवढे हिंदी झाले. पण गोष्ट राजस्थानात उदयपूरला गेली आणि जातीचा विषय अगदी पुसट झाला. चाल सगळीकडे पोचली, कारण मात्र वाटेत गळून पडलं.

आपल्या नागपूरशीही या मंडळींचं नातं आहे. मंजुळे आणि अजय-अतुल पुन्हा एकत्र आले ते ‘झुंड’साठी, मार्च 2022. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली आणि त्यांच्यासाठी फुटबॉल सुरू केला, ती ही गोष्ट. अमिताभ बच्चन होते, पण जीव ओतला तो नागपूरच्या पोट्ट्यांनी. अंकुश गेडामला तर फिल्मफेअरचा पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. या सिनेमात आंबेडकर जयंतीची मिरवणूक आहे, बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे हात जोडलेला बच्चन आहे. रिंकू यात आदिवासी मुलगी झाली आहे. खेळायला परदेशी जायचं तर पासपोर्ट हवा आणि त्यासाठी कागद हवेत, म्हणून बापासोबत ती दारोदार फिरते. गटाचं खातं उघडताना आधार आणि रेशन कार्डावरचं नाव जुळत नाही म्हणून आपल्या बाया चकरा मारतात, त्यांना तो भाग वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता हे सगळं आज का काढलं ते सांगते. माझ्याकडच्या एका गावात गटातल्या एका ताईच्या मुलीनं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं. मुलगी सुखात आहे, नोकरी करते. पण ताईला गावातल्या हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. मागच्या उन्हाळ्यात तिच्या शेजारच्या घरी लग्न होतं. मांडवात ‘झिंगाट’ लागलं, सगळ्या नाचत होत्या, आणि ही ताई स्वतःच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. आंतरजातीय प्रेमाचं गाणं, आणि आंतरजातीय लग्न केलेल्या पोरीच्या आईला त्या मांडवात जागा नाही. नाचणाऱ्यांत आपल्या गटाच्या चार जणी होत्या. त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं, इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

‘सैराट’ लागला त्याच महिन्यात, 13 एप्रिल 2016 ला, आपल्या विधिमंडळानं सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मंजूर केला. राष्ट्रपतींची संमती मिळून तो जुलै 2017 पासून लागू झाला. जातपंचायतीनं किंवा समाजातल्या लोकांनी कुणाला वाळीत टाकलं, लग्नकार्यात, मयतीत, देवळात येण्यापासून अडवलं, तर तो गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दोन सज्ञान माणसांनी लग्न करायचं ठरवलं तर त्यात खाप पंचायतीला बोलायचा अधिकार नाही. धोका असलेल्या जोडप्यांना संरक्षण द्यायचं काम पोलिसांचं आहे. जीवाची भीती असेल तर 112 ला फोन लावता येतो. शिवाय जोडप्यातलं एक जण अनुसूचित जाती, जमाती किंवा भटक्या-विमुक्तांपैकी असेल तर आंतरजातीय विवाहासाठी सरकारी मदत मिळते. अर्ज जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात करायचा. लग्नाची नोंद, दोघांचे जातीचे दाखले आणि शाळा सोडल्याचे दाखले जपून ठेवायला पोरींना सांगा. घर सोडताना नेमकं तेच मागे राहतं.

ताईच्या बाबतीत आम्ही पोलिसांत गेलो नाही, तिला ते नको होतं. गटाच्या बैठकीत विषय काढला. दोघी उठून गेल्या. बाकीच्या बसल्या. मग ठरलं की पुढच्या चार बैठका तिच्या ओट्यावरच घ्यायच्या. पहिल्या बैठकीला सात जणी आल्या, दुसऱ्या बैठकीला नऊ. उठून गेलेल्यांपैकी एक जण हप्ता द्यायला आली, उभ्या उभ्या देऊन निघते म्हणाली, आणि ताईनं चहा ठेवला म्हणून थांबली. तिच्या पुतणीचं लग्न येत्या वैशाखात आहे. पत्रिका अजून वाटायच्या आहेत.