किडनी काढायची कुठून?

टेबलाशी उभं राहून सर्जनच्या हातात हत्यारं देण्यात माझी सगळी नोकरी गेली. दुर्बिणीच्या ऑपरेशनचं कौतुक करताना लोक आत शिरायच्या भोकाविषयी बोलतात. किडनीच्या बाबतीत खरा प्रश्न ती बाहेर काढायचा होता.

१८६९ साली हायडेलबर्गला गुस्ताव्ह सिमोन यांनी ठरवून एक किडनी काढली. उरलेल्या एका किडनीवर जगता येतं, हे त्यांनी आधी कुत्र्यांवर पडताळलं होतं. पुढे शंभरहून अधिक वर्षं कुशीत लांबलचक चीर घ्यायची, अडलं तर बारावी बरगडीही कापायची. अशा पेशंटना खोकायचीसुद्धा धास्ती वाटायची.

२५ जून १९९० रोजी सेंट लुईसमध्ये राल्फ क्लेमन यांनी ८५ वर्षांच्या एका बाईंची गाठ असलेली किडनी दुर्बिणीतून सोडवली. जवळजवळ सात तास लागले. मग ती पोटातच पिशवीत घालून, यंत्राने बारीक करून ११ मिलिमीटरच्या भोकातून काढली. युक्ती नामी, पण दात्याची किडनी कशी कुटणार? ती अखंडच हवी. म्हणजे चीर आलीच, तीही धडधाकट माणसाला, आमच्याकडे बहुधा कुणाच्या तरी आईला.

चीर द्यायचीच, तर सगळी हत्यारं तिच्यातूनच का घालू नयेत? २००८ साली क्लीव्हलंडच्या इंदरबीर गिल यांच्या चमूने चार दात्यांच्या किडन्या बेंबीतून काढल्याचं प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी बेंबीतल्या एका वाटेने केलेल्या किडनीच्या शस्त्रक्रियांचा जो अहवाल आला, त्याच्या लेखकांत नडियादचे सर्जन महेश देसाईही होते.

बघायला देखणं, करायला तापदायक. कॅमेरा आणि दोन हत्यारं एकाच भोकात. बाहेर मुठी एकमेकींवर आपटायच्या. आत हत्यारांची फुली पडली, की पडद्यावर उजवीकडे दिसणारं टोक डाव्या हातातलं असायचं. भलेभले शांत सर्जन अशा वेळी करवादताना मी ऐकलेत. त्यातून पायलोप्लास्टी, म्हणजे मूत्रनलिकेच्या तोंडाचा अरुंद भाग कापून टाकून ती किडनीला पुन्हा जोडायची. तिथे बाहेर मोठं काही काढायचं नसतं, म्हणून एक भोक पुरतं. पण बारीक टाके घालायचे ते फुली पडलेल्या हातांनी! म्हणून बरेच जण आणखी एक बारीक भोक पाडून मोकळे होत. मला तर त्यात शहाणपणच दिसलं. बेंबीशेजारच्या एवढ्याशा डागापेक्षा टाका नीट बसणं महत्त्वाचं.

२०१८ साली अमेरिकेत एकाच नळीतून काम करणाऱ्या रोबोटला मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियांसाठी परवानगी मिळाली. त्याची हत्यारं नळीतून आत गेल्यावर कोपरातून वळून फाकतात, त्यामुळे हातांची फुली पडत नाही.