उश्र

उश्र : शेतमालातून मुस्लिम शेतकऱ्याने गरजूंसाठी काढायचा हिस्सा, जकातचाच एक प्रकार. रोकड, सोने-चांदी आणि व्यापारी मालावरची जकात वर्षाला अडीच टक्के असते. उश्र मात्र वर्षभर थांबत नाही. कुराणातील सूरह अल-अनआमच्या 141व्या आयतीनुसार तो कापणीच्या दिवशीच द्यायचा, आणि त्याच आयतीत उधळपट्टीचीही मनाई आहे.

दर ठरतो पाण्यावरून. हदीसनुसार (पैगंबरांच्या वचनांनुसार) पावसावर पिकलेल्या मालाचा दहावा हिस्सा द्यायचा, कष्टाने पाणी ओढून पिकवलेल्याचा विसावा. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगरच्या (जुने नाव वाढोणा) शिवारात कोरडवाहू सोयाबीन 20 क्विंटल झाले, तर उश्र 2 क्विंटल. मोटारीच्या पाण्यावर तेवढाच गहू झाला, तर 1 क्विंटल. दोन्ही पाणी मिळाले, तर अधिक काळ कोणत्या पाण्यावर पीक पोसले ते पाहायचे. कोरडवाहूवाल्याला हा हिशेब उफराटा वाटेल, पण आकारणी जमिनीवर नसून हाती आलेल्या मालावर आहे. पीक बुडाले की देणेही संपले.

विसाव्या हिश्शाची सवलत मुळात उपशाच्या श्रमाची आणि खर्चाची. बोअरवेलच्या काळात ती जरा अडचणीची झाली आहे, कारण खोलवर उपसणाऱ्याचा हिस्सा निम्मा होतो आणि शेजारच्या विहिरीचा तळ उघडा पडतो. पाणी, चारा आणि विस्तव या सामायिक गोष्टी मानणारी, उरलेले पाणी अडवू नये असे बजावणारी हदीसही आहेच. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा प्रदेशात उश्राची चर्चा या दुसऱ्या हदीसशिवाय अपुरी ठरते.

किमान उत्पन्नाबाबत मतभेद आहेत. इमाम अबू हनीफांच्या मते थोड्या मालावरही, भाजीपाल्यावरसुद्धा, उश्र लागतो. त्यांचे शिष्य अबू युसूफ आणि मुहम्मद पाच वसकांची (वसक हे धान्याचे जुने माप) मर्यादा मानतात. मापाच्या हिशेबानुसार ती सुमारे साडेसहा ते साडेनऊ क्विंटल भरते.

जकातचे आठ हक्कदार सूरह अत-तौबाच्या 60व्या आयतीत येतात. त्यांत गरीब आणि वाटसरू आहेत, तसा कर्जात बुडालेलाही आहे. म्हणजे एका हंगामात उश्र देणारा शेतकरी पुढच्या दुष्काळात तो घेण्यास पात्र ठरू शकतो.

पाकिस्तानात 1980 च्या अध्यादेशाने उश्र सरकारी वसुलीत आला. भारतात तशी यंत्रणा नाही. इथल्या जमिनीवर तो बंधनकारक आहे का, यावरही उलेमांत (धर्मपंडितांत) एकमत नाही. देणारा स्वतःच माप करून देतो.