मोकळ्या जमिनीचा धनी

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या लोधिवलीत येणारा गिऱ्हाईक मोकळा माळ पाहतो आणि विचारतो, "ही जमीन कोणाची?"

खालापूर-कर्जतच्या उतारांवरची मोकळी जमीन पूर्वीही बेवारस नव्हती. भाताच्या खाचरांना जोडलेल्या या वरकस जमिनीत एक साल नाचणी, पुढे वरी, मग तीळ किंवा खुरासणी निघे. त्यानंतर काही वर्षे ती गवताला सोडत. तिथलेच टहाळ आणि गवत राबाला, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, जाई. उजाड दिसणाऱ्या तुकड्याचा धनी कोण, हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक असे. कागद हवा होता सरकारला, शेतसारा कोणाकडून घ्यायचा हे ठरवायला.

१९०३च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी आली. मग १ एप्रिल १९५७ रोजी, कृषक दिनी, कूळकायद्याने कसणाऱ्या कुळांना मालक मानले आणि सातबाऱ्यावरची नावे पालटू लागली. पण एकत्र कुटुंबात नाव लागे थोरल्या भावाचे, पुढे बारीक अक्षरांत 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बाकीचे भाऊ त्या तीन अक्षरांत मावले. बहिणी बहुधा कुठेच नव्हत्या.

रसायनीत कारखाने आले, पाताळगंगेला औद्योगिक वसाहत झाली, २००२पर्यंत द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि या बारीक अक्षरांना किंमत आली. थोरल्या भावाला गाठून बयाणा देणाऱ्याला पुढे कळते, की वारस मुंबईपासून पुण्यापर्यंत पांगलेत. म्हणून जाणता एजंट सातबाऱ्यावर थांबत नाही. तो जुने फेरफार काढतो, वारस नोंदवही पाहतो, पोलीस पाटलाला आणि शेजारच्या बांधवाल्याला विचारतो. गिऱ्हाईक शेतकरी नसेल तर शेतजमीन परवानगीशिवाय त्याच्या नावावर होत नाही. ठाकूर-कातकऱ्यांची जमीन बिगरआदिवासीने घ्यायची तर अटी आणखी कडक. हे निर्बंध योग्यच आहेत, कारण गरजेला जमीन विकणारा भावात नेहमी मागे पडतो.

मालक सापडला की वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो. 'तमाम लोकांस कळविण्यात येते' अशी सुरुवात, खाली गट नंबर, क्षेत्र, आणि हरकत घ्यायला चौदा-पंधरा दिवस. विक्रीनंतर फेरफार धरताना तलाठी नमुना ९ची नोटीस काढतो, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो.

हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. तेव्हापासून सासरी गेलेल्या आत्याला शोधल्यावाचून व्यवहार पक्का होत नाही. अनेकदा तिच्यापुढे थेट हक्कसोडपत्र ठेवले जाते आणि भाव काय ठरला हे कोणी सांगत नाही. आता सातबारा मोबाईलवर मिळतो, पण आत्याचा पत्ता त्यात नसतो. तो घरातल्यांनाच सांगावा लागतो, आणि सही घेण्याआधी तिला रक्कमही सांगायला हवी.