संगणकाची मूलतत्त्वे : हुगळीकाठचा पहिला तास

प्रस्तावना

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला शाखा कोणतीही असो, संगणकाच्या मूलतत्त्वांचा विषय असतोच. मी हावड्यात शिकवायला लागलो तेव्हा पहिल्या तासाला फळ्यावर संगणकाच्या पिढ्यांचा तक्ता काढून देत असे. पहिली पिढी निर्वात नलिका, दुसरी ट्रान्झिस्टर, तिसरी एकात्मिक परिपथ. मुले उतरवून घेत आणि परीक्षेत गुण मिळत. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, ती पहिली पिढी आपल्याकडे कुणी पाहिली होती का?" मला उत्तर देता आले नाही. ते उत्तर नदीच्या पलीकडेच होते, हे मला नंतर कळले. हे टिपण त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

१. नदीच्या अलीकडे आणि पलीकडे

अभियांत्रिकी शिक्षणात पुणे आणि कोलकाता जवळजवळ बरोबरीने उभे राहिले. पुण्यात १८५४ साली सार्वजनिक बांधकाम खात्याला माणसे तयार करून देण्यासाठी वर्ग सुरू झाला. आजचे सीओईपी त्यातूनच वाढले. कोलकात्यात १८५६ साली रायटर्स बिल्डिंगमध्ये स्थापत्य अभियांत्रिकीचे महाविद्यालय निघाले आणि १८८० साली ते नदी ओलांडून हावड्यातील शिबपूरला आले. आज ती राष्ट्रीय महत्त्वाची संस्था आहे. दोन्हीकडे रस्ते, पूल, कालवे यांसाठी माणसे हवी होती. हिशेब हाताने होत.

हावडा जिल्ह्यातील बेलूरच्या समोर, हुगळीच्या पूर्व काठावर बराहनगर आहे. तेथे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी स्थापन केलेली भारतीय सांख्यिकी संस्था आहे. नमुना पाहणी आणि पंचवार्षिक योजना यांमुळे तेथे आकड्यांचे डोंगर साचत. १९५३ साली समरेंद्रकुमार मित्र यांनी तेथे एक लहान अनुरूप म्हणजे अॅनालॉग संगणक बनवला. त्यानंतर इंग्लंडहून एचईसी-२एम हा अंकीय संगणक आला आणि १९५६ साली चालू झाला. भारतात बसवलेला तो पहिला अंकीय संगणक. पुढे १९५८-५९ च्या सुमारास सोव्हिएत रशियाचा उरल आला.

२. १०२४ खण

एचईसी-२एमची स्मृती फिरत्या चुंबकीय ढोलावर होती. तिच्यात १०२४ शब्द मावत. येथे 'शब्द' म्हणजे एक संख्या किंवा एक आज्ञा राहील एवढा खण. आज देवनागरीतील एका अक्षरचिन्हाला संगणकात साधारणतः तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने तुम्ही वाचत असलेले हे टिपणही त्या ढोलावर मावले नसते.

अशा यंत्रावर काम करणाऱ्याला प्रत्येक आज्ञा यंत्राच्याच भाषेत, अंकांत लिहावी लागे. ढोल फिरत असल्याने हवा असलेला खण वाचनशीर्षाखाली येईपर्यंत थांबावे लागे. म्हणून अशा यंत्रांवर पुढची आज्ञा कोणत्या खणात ठेवली तर कमी थांबावे लागेल, याचाही विचार करावा लागे. चूक झाली तर लाल रेघ दाखवणारे कुणी नव्हते. त्यामुळे यंत्रासमोर जाण्यापूर्वी सगळा विचार कागदावर होई. प्रश्न मांडणे, त्याचे तुकडे पाडणे, क्रम लावणे, लहान उदाहरणावर हाताने पडताळणे. आज पहिल्या प्रकरणात आपण 'अल्गोरिदम' शिकतो, तो हाच.

३. वापरण्याकडून घडवण्याकडे

याच काळात मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एक गट स्वतःचा संगणक बांधत होता. तो १९६० साली चालू झाला आणि टिफ्रॅक या नावाने ओळखला गेला. बंगालमध्ये सांख्यिकी संस्था आणि जादवपूर विद्यापीठ यांनी मिळून आयएसआयजेयू-१ बनवला. तो ट्रान्झिस्टरवर चालणारा होता आणि १९६६ साली कार्यान्वित झाला. फळ्यावरच्या तक्त्यातील पहिल्या दोन पिढ्या आपल्याच माणसांनी हाताळल्या होत्या.

विद्यार्थ्यांच्या वर्गात संगणक ठळकपणे आला तो कानपूरच्या आयआयटीत. १९६३ साली तेथे आयबीएम १६२० बसला आणि फोरट्रान शिकवले जाऊ लागले. तेथे शिकवणाऱ्या व्ही. राजारामन यांचे प्रोग्रॅमिंगवरील पाठ्यपुस्तक १९६९ साली निघाले आणि पुढे देशभर वापरले गेले.

४. भीती आणि साक्षरता

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कोलकात्यात आयुर्विमा महामंडळाच्या संगणकाला कर्मचाऱ्यांनी कडवा विरोध केला. यंत्र आले की नोकऱ्या जातील, ही भीती होती. तिला नुसते हसून चालणार नाही. ज्यांचे घर कारकुनाच्या पगारावर चालत होते, त्यांच्यासाठी तो पोटाचा प्रश्न होता. केंद्र सरकारने स्वयंचलनावर समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर. समितीचा अहवाल १९७२ चा.

१९८४ नंतर वारे बदलले. नवे संगणक धोरण आले, शाळांसाठी 'क्लास' हा प्रकल्प आला आणि 'संगणक साक्षरता' हा शब्द रूढ झाला. महाराष्ट्रात २००१ साली स्थापन झालेल्या नॉलेज कॉर्पोरेशनचा एमएस-सीआयटी गावोगाव पोहोचला. खेड्यातील मुलांच्या हाती माउस आला, हे मोठेच काम झाले. पण या वाटेवर एक सरमिसळ झाली. साक्षरता म्हणजे यंत्र वापरता येणे, आणि मूलतत्त्वे म्हणजे यंत्राला काय सांगायचे ते ठरवता येणे. मराठी माध्यमातून आलेली हुशार मुले 'मला टायपिंग येत नाही' म्हणून प्रोग्रॅमिंगला घाबरतात, तेव्हा या सरमिसळीची किंमत दिसते. एचईसी-२एमवर काम करणाऱ्यांचा बहुतेक वेळ कागद-पेन्सिलीवरच जात असणार.

५. आता पहिला तास

आता मी तक्ता शेवटी देतो. पहिल्या तासाला संगणक बंद असतो. शिबपूरच्या महाविद्यालयाचे स्थापनावर्ष घेतो : १८५६. हे वर्ष दोनाच्या घातांत मांडा, म्हणतो. १०२४ + ५१२ + २५६ + ६४. म्हणजेच द्विमान पद्धतीत १११०१००००००. अकरा खणांत एक वर्ष बसते. मग 'हे कसे केलेत ते ओळीने लिहा' असे सांगतो. ज्याने त्या ओळी लिहिल्या, त्याने पहिला प्रोग्रॅम लिहिला.

आजकाल मुले विचारतात, "सर, यंत्रच प्रोग्रॅम लिहू लागले, मग आम्ही कशाला शिकायचे?" विमा कार्यालयातील कारकुनाचाच हा प्रश्न, नव्या कपड्यांत. खात्रीचे उत्तर माझ्याजवळ नाही. एवढे सांगतो की यंत्राने दिलेले उत्तर बरोबर आहे का, हे ज्याला कागदावर पडताळता येते त्याला यंत्राशी बोलता येते. ज्याला येत नाही, त्याला यंत्राचे ऐकावे लागते.

स्वाध्याय

१. पुण्याचा वर्ग सुरू झाला ते वर्ष, १८५४, द्विमान पद्धतीत लिहा. प्रत्येक पायरी नोंदवा.
२. शंभर नावांच्या हजेरीपटातून एक नाव शोधण्याची कृती लिहा. पट अकारविल्हे लावलेला असेल तर कृती कशी बदलेल?
३. तुमच्या घरातील किंवा गावातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारा : कार्यालयात संगणक आला तेव्हा काय घडले? उत्तर दहा ओळींत लिहून आणा.