अस्मानी, सुलतानी आणि मोगलाई : देवगिरीच्या परिसरातील राजवटी व मराठी वाक्प्रचार

म्हण हे स्वतंत्रपणे उभे राहणारे, अनुभवाचे सार सांगणारे पूर्ण विधान असते, तर वाक्प्रचार हा शब्दशः अर्थ मागे टाकून रूढ अर्थाने वाक्यात मिसळणारा शब्दसमूह असतो, असा भेद मराठी व्याकरणात सर्वसाधारणपणे केला जातो. यांपैकी बहुतेक म्हणींना काळ नसतो; शेत, चूल, जात, नातेसंबंध यांतून आलेली म्हण कोणत्या शतकातली हे सांगणे अशक्यप्राय असते. राजवटींच्या आठवणीतून उपजलेल्या वाक्प्रचारांचे मात्र तसे नाही. ‘पानिपत होणे’ १७६१ च्या आधीचे असू शकत नाही आणि ‘ध चा मा करणे’ १७७३ च्या आधीचे असू शकत नाही. अशा दिनांकित वाक्प्रचारांच्या अभ्यासासाठी देवगिरी, खडकी, औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर अशी नावे धारण करणाऱ्या परिसराइतके सोयीचे क्षेत्र महाराष्ट्रात क्वचितच सापडेल, कारण यादव, खलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल आणि आसफजाही अशा राजवटींनी येथे एकापाठोपाठ एक ठाणे मांडले. मात्र या वाक्प्रचारांचा पुरावा इतिहासकाराने जपून वापरावयाचा असतो. ते घटना सांगत नाहीत. घटनेविषयी कोणीतरी दिलेला निकाल सांगतात, आणि तो निकाल देणारा कोठे उभा होता हे विसरले की वाक्प्रचार चुकीचा इतिहास शिकवू लागतो.

या समूहातील सर्वांत जुन्या थरात ‘अस्मानी-सुलतानी’ हा जोडशब्द मोडतो. फारसीत ‘आस्मान’ म्हणजे आकाश. त्यावरून अवर्षण, गारपीट, टोळधाड ही अस्मानी संकटे, आणि लष्कराची लूट, वाढीव पट्टी, अधिकाऱ्याचा जुलूम ही सुलतानी संकटे होत. आज हा शब्द शेतकऱ्याच्या दैन्याचे वर्णन करणाऱ्या अग्रलेखांत आढळत असला, तरी त्याचे मूळ काव्यात नसून व्यवहारात आहे. महसुलाच्या आणि कौलाच्या भाषेत, देणेकऱ्याच्या हाताबाहेरची कारणे कोणती हे सांगण्यासाठी ही दोन नावे एकत्र घेतली जात. राजसत्तेला दुष्काळाच्या शेजारी बसवण्यात उपहास नव्हता, हिशेब होता. १६३० ते १६३२ या काळात दख्खनेत पडलेला भीषण दुष्काळ आणि त्याच वेळी शाहजहानच्या सैन्याने निजामशाहीविरुद्ध चालवलेली मोहीम यांनी हा हिशेब किती अचूक होता ते दाखवून दिले. १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला महाबतखानाच्या हाती पडला, तेव्हा आसपासचा मुलूख पावसाने आणि फौजांनी, दोघांनीही, आधीच उजाड केला होता.

याउलट ‘तुघलकी’ हे विशेषण मराठीत लोकोक्तीच्या वाटेने आलेले दिसत नाही. ते शालेय इतिहासाने आणि वर्तमानपत्रांनी रुजवलेले आहे. ‘तुघलकी कारभार’ किंवा ‘तुघलकी फर्मान’ म्हणजे लोकांची सोय न पाहता लहरीखातर घेतलेला निर्णय. १३२७ च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाने देवगिरीस दौलताबाद हे नाव देऊन तेथे राजधानी नेली, पुढे तांब्या-पितळेचे सांकेतिक नाणे काढले आणि दोन्ही निर्णय मागे घेतले, एवढ्या घटनांवर हे विशेषण उभे आहे. कन्नडमध्ये १९६४ साली गिरीश कार्नाड यांनी लिहिलेल्या व विजय तेंडुलकर यांनी मराठीत आणलेल्या नाटकानेही या राजाला मराठी वाचकाच्या मनात पक्के स्थान दिले.

परंतु या निकालामागचे साक्षीदार तपासले असता चित्र गुंतागुंतीचे होते. दिल्लीत कुत्रे-मांजरदेखील उरले नाही असे सांगणारा झियाउद्दीन बरनी हा दरबारी असला तरी सुलतानाच्या मृत्यूनंतर लिहीत होता. इसामी या कवीचे नव्वदीतले आजोबा दिल्ली सोडल्यावर वाटेतच वारले आणि त्याने आपले ‘फुतूह-उस-सलातीन’ हे काव्य १३५० मध्ये पूर्ण केले, ते तुघलकाविरुद्ध बंड करून स्थापन झालेल्या बहमनी राज्याच्या संस्थापकाच्या आश्रयाने. दौलताबादला फरफटत आणलेल्या आंधळ्याचा केवळ पाय पोहोचला, ही प्रसिद्ध कथा सांगणारा इब्न बतूता १३३४ मध्ये दिल्लीत आला, म्हणजे त्याने ती ऐकून लिहिली. दुसऱ्या बाजूस, दिल्लीच्या परिसरातील १३२७ आणि १३२८ या सालांचे संस्कृत शिलालेख तेथील वस्ती सुस्थितीत असल्याचे दाखवतात आणि त्या वर्षांत दिल्ली व दौलताबाद या दोन्ही टांकसाळी चालू होत्या. त्यामुळे हलवले गेले ते संपूर्ण शहर नव्हे, तर अमीर, उलेमा, सूफी आणि त्यांचे आश्रित, असा निष्कर्ष अनेक आधुनिक इतिहासकार काढतात. दक्षिण ताब्यात ठेवण्यासाठी दक्षिणेतच प्रशासनाचे केंद्र हवे, हा विचार मुळात वेडेपणाचा नव्हता. औरंगजेबाने साडेतीन शतकांनंतर नेमके तेच केले आणि त्यास कोणी तुघलकी म्हणत नाही. ज्यांना हजार किलोमीटरहून अधिक अंतर सक्तीने चालावे लागले त्यांचा राग खरा होता, यात शंका नाही. मात्र तो राग दिल्लीच्या प्रतिष्ठितांचा होता, देवगिरीच्या कुणब्याचा नव्हता. त्या कुणब्याने या स्थलांतराविषयी काय म्हटले असेल, याची एकही म्हण उरलेली नाही.

या स्थलांतराबरोबरच दुसरी एक उक्ती दख्खनेच्या उंबरठ्यावर आली असावी. गियासुद्दीन तुघलकाच्या धमकीस निजामुद्दीन औलियांनी ‘दिल्ली अजून दूर आहे’ असे उत्तर दिल्याची आणि १३२५ मध्ये तो सुलतान दिल्लीच्या वेशीजवळ मंडप कोसळून मेल्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. याच औलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब दौलताबादेत आले आणि खुलताबादेत त्यांची समाधी झाली. मराठी राजकीय बोलीत आज ही उक्ती उमेदवाराच्या घाईविषयी वापरली जाते, धमकीविषयी नव्हे.

मलिक अंबरची स्मृती भाषेत वेगळ्याच रीतीने राहिली. १६१० मध्ये खडकी हे ठाणे वसवणाऱ्या आणि पुढे तेथे नहरींचे पाणी खेळवणाऱ्या या हबशी वजिराने जमिनीची प्रतवारी करून धारा ठरवला. मराठेशाहीच्या महसुली कागदांत त्या पद्धतीस ‘मलिकंबरी’ म्हटले आहे. हा शब्द उपहासाचा नाही, स्तुतीचाही नाही; तो मापाचा आहे, आणि एखाद्या राज्यकर्त्याचे नाव मोजमापाच्या शब्दात उरावे यापेक्षा मोठा सन्मान रयतेकडून मिळणे कठीण. ‘बावन्न दरवाजांचे शहर’ या वर्णनाची जात निराळी. मराठ्यांच्या स्वाऱ्यांपासून रक्षण व्हावे म्हणून औरंगजेबाने १६८२ च्या सुमारास बांधलेल्या तटास दिल्ली, जालना, पैठण आणि मक्का हे चार मुख्य व नऊ दुय्यम दरवाजे होते, आणि उरलेले पुऱ्यांचे व कोटांचे धरूनही बावन्नचा मेळ बसवणे सोपे नाही. बावनवीर, बावन्नखणी, बावन्नकशी या शब्दांतही बावन्न हा आकडा मोजून आलेला असतोच असे नाही. ‘भरपूर’ किंवा ‘पुरेपूर’ हा त्याचा भाव आहे. दरवाजे मोजत हिंडणाऱ्या हौशी संशोधकांनी हे ध्यानात घेतलेले बरे.

या सर्वांत ऐतिहासिकदृष्ट्या सर्वांत बोलका आणि सर्वांत गैरसमजाचा शब्द म्हणजे ‘मोगलाई’. ‘ही काय मोगलाई लागून गेली आहे?’ असे मराठी माणूस विचारतो तेव्हा त्याला अंदाधुंदी, बेबंदपणा, अधिकाऱ्याची मनमानी अभिप्रेत असते. अकबर किंवा शाहजहान यांच्या प्रशासनाशी या अर्थाचा काही संबंध नाही. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून सनदा आणल्या, त्यांनुसार शिवकालीन मुलूख ‘स्वराज्य’ ठरला आणि दख्खनच्या सहा सुभ्यांवर चौथाई व सरदेशमुखी वसूल करण्याचा हक्क मराठ्यांना मिळाला. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे त्याखेरीजचा दहावा. या सुभ्यांतील ज्या गावी असा हक्क चाले त्यांस मराठी दप्तरात मोगलाई म्हणत; म्हणजे हा मूळचा एक हिशेबाचा रकाना होता. १७२४ मध्ये शकरखेडल्याच्या लढाईनंतर निजाम-उल-मुल्क दख्खनेत स्वतंत्रपणे नांदू लागला, तरी नावाला तो दिल्लीचा सुभेदारच राहिला, म्हणून पुणे दरबाराच्या पत्रव्यवहारात तो ‘मोगल’ आणि त्याचे राज्य ‘मोगलाई’ असेच येते. १७६३ मध्ये राजधानी औरंगाबादेहून हैदराबादेस गेली, १८५७ नंतर दिल्लीची बादशाहीही संपली; मोगलाई हे नाव मात्र टिकले, इतके की ब्रिटिश गॅझेटियरांनीही निजामाच्या मुलखासाठी ते स्वीकारले.

अशा मुलखात एकाच गावावर दोन धन्यांचे अंमलदार येत. निजामाचा अंमलदार उरलेला वसूल मागे आणि मराठ्यांचा कमाविसदार चौथाईसाठी दारात उभा राही. या व्यवस्थेस ‘दुअमली’, म्हणजे दुहेरी अंमल, असे म्हणत. चौथाईचेही पुन्हा तुकडे होते: चौथा भाग राजाची बाबती, शेकडा सहा साहोत्रा, शेकडा तीन नाडगौडा आणि उरलेला सरदाराचा मोकासा. त्यात वैजापूरजवळच्या पालखेडसारखी मोहीम (१७२८) किंवा गोदाकाठच्या राक्षसभुवनसारखी लढाई (१७६३) आली की दोन्ही बाजूंच्या फौजांचा चारा-दाणाही गावानेच पुरवावयाचा. म्हणजे पुण्याच्या लेखणीने ज्या बेबंदशाहीला मोगलाई हे नाव दिले, तिच्यातील निदान निम्मा जाच पुण्याच्याच कमाविसदारांनी केलेला होता. हा वाक्प्रचार सीमेच्या अलीकडून पलीकडे बोट दाखवणाऱ्याचा आहे. पुढे इंग्रजी अमलातील नगर, सोलापूर, खानदेश या जिल्ह्यांतून गुन्हा करून माणूस सीमा ओलांडी आणि ‘मोगलाईत गेला’ म्हणून पाठलाग थांबे, तेव्हा भौगोलिक नाव व निंदाव्यंजक अर्थ एकमेकांत कायमचे मिसळले.

शेजाऱ्याच्या नावाने दोष सांगण्याची ही रीत केवळ मराठीची नाही. इंग्रजांची डचांशी १६५२ ते १६७४ या काळात तीन आरमारी युद्धे झाली आणि इंग्रजी बोलीत डचांच्या नावाने वाक्प्रचारांची एक रांगच लागली: दारूच्या जोरावर आलेले अवसान ते ‘डच धैर्य’ आणि अगम्य बोलणे ते ‘दुप्पट डच’. ज्याने त्याने आपापले पैसे द्यावयाचे त्या जेवणाची ‘डच मेजवानी’ ही याच नावावर पुढे आली. हे वाक्प्रचार वाचून हॉलंडचा इतिहास लिहिणे जितके हास्यास्पद, तितकेच ‘मोगलाई’वरून आसफजाही प्रशासनाचे मूल्यमापन करणे. विसाव्या शतकातील हैदराबाद संस्थानाचे दोष वेगळे होते आणि त्यांची मोजदाद वेगळ्या पुराव्यांनी करावी लागते.

त्या शतकातील मराठवाड्याने स्वतःचे शब्द घडवले. संस्थानाचा ‘हाली’ शिक्का, म्हणजे चालू रुपया, आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा ‘कलदार’ रुपया अशी दोन नाणी येथील बाजारात एकाच वेळी फिरत. सुमारे सात हाली रुपयांस सहा कलदार असा भाव असे. म्हणून किंमत सांगताना ‘हाली की कलदार?’ हा प्रश्न अटळ होता, आणि ‘खणखणीत कलदार’ हे शब्द ऐकणाऱ्या मराठवाडी माणसाला पैशाच्या आवाजाबरोबर सीमेपलीकडची पतही ऐकू येई. कासीम रझवीच्या संघटनेवरून आलेले ‘रझाकारी’ हे विशेषण दहशतीसाठी राहिले. सप्टेंबर १९४८ मधील १३ ते १७ तारखांच्या लष्करी कारवाईचे ‘पोलीस ॲक्शन’ हे सरकारी नाव तर कालगणनेचे एककच झाले. जन्म, लग्न किंवा जमिनीचा व्यवहार ‘ॲक्शनच्या आधी’ की ‘ॲक्शननंतर’ असे सांगण्याची रीत खेड्यांत दीर्घकाळ होती. ‘मोगलाई’त आणि या शब्दांत मोठा फरक आहे: हे शब्द भोगणाऱ्यांनी घडवले, पाहणाऱ्यांनी नव्हे.

कोशकारांनी मात्र या फरकाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, आणि त्याचे कारण त्यांच्या ठिकाणांत आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) मुंबई इलाख्याच्या आश्रयाने सिद्ध झाला, मॅनवेअरिंग या पाद्र्याचा मराठी म्हणींचा संग्रह १८९९ मध्ये ऑक्सफर्डहून निघाला, य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा’चे दोन विभाग १९४२ आणि १९४७ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाले. दुसरा विभाग छापून झाला तेव्हा औरंगाबाद निजामाच्याच राज्यात होते, त्यामुळे ‘ॲक्शन’नंतरची भाषा त्यात येणे शक्यच नव्हते. नव्या आवृत्तीत ‘मोगलाई’ची नोंद करताना १७१९ चा महसुली अर्थ आधी आणि निंदेचा अर्थ नंतर द्यावा लागेल. त्याहून तातडीचे काम दुसरे आहे: हाली आणि कलदार हाताळलेली माणसे आज नव्वदीच्या घरात आहेत, आणि वैजापूर, पैठण, कन्नड, सिल्लोड या तालुक्यांतील शाळा-महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी त्यांचे बोलणे याच वर्षी ध्वनिमुद्रित करून घ्यावे.